बायी म्हणजे तोंड

"बायी तेगीरी," डॉक्टरबाई म्हणाल्या. कन्नडमध्ये बायी म्हणजे तोंड. तोंड उघडा. आमच्या मालकांनी उघडलं, पण ते पुरतं उघडेना. मागच्याच आठवड्यात त्यांच्या जिभेचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला होता आणि आता त्याचा रिपोर्ट टेबलावर होता. बाईंनी बॅटरीच्या उजेडात जीभ पुन्हा पाहिली, जबड्याखाली मान चाचपली आणि माझ्याकडे वळून मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, "कॅन्सर आहे. जिभेचा."

मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "तुमच्या भागात तर तोंड तपासायचे कॅम्प झाले होते की हो. तेव्हा दाखवलं नाही?"

"दाखवलं होतं," मी म्हणाले. "काही नाही म्हणून सांगितलं."

"कोणी सांगितलं?" बाईंनी मालकांना विचारलं. त्यांनी फरशीकडे पाहिलं. मग म्हणाले, "गेलोच न्हवतो."

एका दमात दोन बातम्या कळल्या आणि खरं सांगते, कॅन्सरची बातमी मला दुसऱ्या नंबरची वाटली. लोक म्हणतात, अशा वेळी पायाखालची जमीन सरकते. माझी सरकली नाही. तिथल्या तिथे यांच्या मुस्कटात एक द्यावी असं मनात आलं. मुस्कटातच रोग होता म्हणून हात आवरला.

मी शारदा. बसवकल्याणजवळच्या एका गावात राहते, उमरग्याच्या रस्त्याला, पण हद्द कर्नाटकाची. मालकांचं नाव वैजनाथ. खेड्याखेड्यातून तूर विकत घ्यायची आणि टेंपो भरून गुलबर्ग्याच्या बाजारात न्यायची, हा त्यांचा धंदा. घरात आम्ही मराठी बोलतो, ते व्यापार कन्नडमध्ये करतात आणि शिव्या दख्खनीत देतात. मला कन्नड बसच्या कंडक्टरशी भांडण्यापुरतं येतं. यांचं मात्र अस्खलित आहे. गुलबर्ग्याचे अडते त्यांना अण्णा म्हणून गादीवर शेजारी बसवून घेतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी गोष्ट यावरच आहे.

तुरीची रास चालू होती तेव्हा गावात रिक्षा फिरली. वर भोंगा. "बायी क्यान्सर, उचित तपासणे, एल्लारू बन्नी!" म्हणजे तोंडाच्या कॅन्सरची फुकट तपासणी आहे, सगळ्यांनी या. कन्नडमध्ये उचित म्हणजे फुकट. पण आमच्या गावच्या मराठी कानांना काय ऐकू आलं? बाई कॅन्सर. उचित तपासणी.

आमच्या घरासमोर पार आहे आणि पाराला लागून माणिकचं किराणा दुकान. माणिक हा मालकांचा लहानपणापासूनचा मित्र. याच्या जिभेला हाड नाही. रिक्षा पाराजवळ आली तसा तो दुकानातूनच ओरडला, "बाईचा कॅन्सर हाय म्हणं! अन् तपासणं बी उचित हाय! बाप्यांनी लांब राव्हा रे!"

"अन् अनुचित निघालं तर?" आमच्या मालकांनी विचारलं. पार हसून लोळला.

तो विनोद दोन दिवस गावात फिरला. बाप्ये म्हणाले, बायकांचं आहे, आपलं काय काम. बायका लाजेनं मेल्या. कोणी म्हणे लुगडं फेडायला लावतात, कोणी म्हणे फोटो काढतात. गावात तंबाखू न खाणारा बाप्या शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल आणि ते सगळे पारावर बसून हसत होते. शाळेत मांडलेल्या रिकाम्या खुर्च्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

पाहिल्या, कारण मी गेले. बाईचं आहे तर बाईनं जावं, असा माझा सरळ हिशेब. जीव मुठीत धरून, पदर घट्ट लपेटून बसले होते. तिथली डॉक्टर पोरगी बॅटरी घेऊन आली आणि म्हणाली, बायी तेगीरी. मला कळेना. तिने स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. एवढंच? गाल ओढून पाहिले, जीभ उजवी-डावीकडे वळवायला लावली, झालं. चहा गाळायला जास्त वेळ लागतो.

घरी येऊन मी मालकांना सांगितलं की अहो, ते बाईचं नाही, तोंडाचं आहे, तुम्ही जा.

"ठाऊक हाय की मला," ते हसत म्हणाले. "बायी म्हंजे तोंड. आता कन्नड तू शिकवायलीस व्हय मला?"

म्हणजे माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाकीच्यांचा कान चुकला असेल, यांचा नाही. मी घर डोक्यावर घेतलं. तेव्हा कुठे धुतलेला सदरा घालून हे निघाले आणि दिवस कलायच्या आत परत आले. "बघितलं तिनं. काय न्हाई म्हणाली. झालं समाधान?"

झालं होतं. मी देवापुढे नारळ फोडला. यांनी खोबऱ्याचा तुकडा हातात घेतला, कपाळाला लावला आणि तोंडात न टाकता खिशात ठेवला.

ते शाळेपर्यंत गेलेच नव्हते. सदरा घालून माणिकच्या दुकानात मागच्या बाजूला पोत्यावर बसले होते. आणि माणिकला हे ठाऊक होतं. नंतर पुढचे कितीतरी महिने तो माझ्या हातचा चहा पीत होता आणि त्याच्या तोंडातून ब्र निघाला नाही.

आता मागे वळून सांगते, रोगाची पहिली खूण कुठे दिसली. माझ्या स्वयंपाकघरात. हिरव्या मिरचीचा ठेचा भाकरीवर लिंबाएवढा घेणारा माणूस एक दिवस म्हणाला, "तिखट कमी टाक की. कामून एवढं झोंबायलंय?" मी कमी टाकलं. मग आणखी कमी. मग आमटीत पाणी. मग म्हणू लागले की तुझ्या हाताची चव गेली. जाऊबाईंसमोर म्हणाले, माझ्या माहेरच्यांसमोर म्हणाले. चुलीपाशी जन्म गेला माझा आणि हा माणूस स्वतःच्या जिभेचा रोग माझ्या हातावर ढकलत होता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं.

ज्याला त्याला विचारलं तर एकच उत्तर. उष्णता. आमच्या भागात उष्णता नावाचा एक देवच आहे, सगळी पापं तो पोटात घेतो. तोंड आलं, उष्णता. डोळे आले, उष्णता. सब्जा प्या, ताक प्या, गुलकंद खा. एका डॉक्टरनेही, नाव घेत नाही, तोंडात न डोकावता बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या, लावायला मलम दिलं आणि तेच सांगितलं. मलम लावायचं, वर तंबाखू धरायची. उष्णता जाईल कशी?

पुढे भाकरी वरणात विरघळेपर्यंत भिजवू लागले. जांभई आली की तोंडावर हात. इतकं सभ्य वागणं आमच्या घराण्यात कोणाचं नाही. मला शंका आली. दुपारी ते तोंड उघडं टाकून घोरत होते तेव्हा मी मोबाईलची बॅटरी लावून वाकून पाहिलं. जिभेच्या डाव्या कडेला, जिथे ते तंबाखूची गोळी धरतात तिथे, वाळलेल्या चुन्यासारखा पांढरा चट्टा होता. मधोमध लाल, चिरलेलं.

उठवलं. म्हणाले, "दुखत न्हाई काय न्हाई. कामून मागं लागलीस?"

दुखत नाही! हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा काढलं तो मला भेटला पाहिजे. वाळवी लाकूड खाताना कधी आवाज करते का? मी कपडे पिशवीत भरले आणि म्हटलं, तुम्ही दवाखान्यात येत नसाल तर मी एकटी गुलबर्ग्याला जाते आणि बाजारात तुमच्या अडत्यांना सांगते की वैजनाथअण्णा तोंड उघडायला घाबरतात. तेव्हा बसमध्ये बसले.

बायोप्सी म्हणजे संशयाच्या जागेचा छोटा तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली पाहणं. तुकडा काढला की रोग पसरतो, अशी एक अक्कल आम्हाला बसमध्येच कोणीतरी दिली. ती खोटी आहे. रिपोर्टात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा असं लिहिलं होतं. तोंडाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. मग एमआरआय. हे मोठं नळकांडं असतं, आत निजवतात आणि भोवती ठोकल्यासारखा आवाज होतो. त्यात कळलं की मानेतल्या एका गाठीपर्यंत रोग पोचला आहे. स्टेज तीन. स्टेज म्हणजे रोग घरात कुठवर शिरला आहे. एक म्हणजे उंबऱ्यावर, चार म्हणजे मागच्या दारातून शेजाऱ्याकडे.

मी विचारलं, कॅम्पला आले असते तर? बाईंनी आधी उत्तर टाळलं. मी पुन्हा विचारलं.

"तेव्हा बहुतेक नुसता पांढरा चट्टा असेल," त्या म्हणाल्या. "ल्युकोप्लेकिया म्हणतो आम्ही. तो अजून कॅन्सर नसतो, पण होऊ शकतो. तंबाखू सोडायची, लक्ष ठेवायचं, लागलं तर तेवढाच भाग काढायचा. नखाएवढा."

"आणि आता?"

"आता अर्धी जीभ."

मालक माझ्या शेजारीच बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दवाखान्यातल्या बाकांवर बसून मी माणसं ओळखायला शिकले. यांना भेटायला नातेवाईक येत, च्‌ च्‌ करत, देवाच्या मनात काय असेल म्हणत आणि फाटकाबाहेर जाऊन तळहातावर तंबाखू मळत. चुलत दिराने तर एक्सरेच्या खोलीसमोरच डबी काढली आणि शेजारच्या परक्या माणसाला विचारलं, "चुना हाय का?" आमच्याकडे हे माणुसकीचं लक्षण. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ कोर्टाच्या पायरीवर एकाच डबीतला चुना घेतात. पाणी नाकारलं तर चालतं, चुना नाकारता येत नाही. मी त्याच्या हातातली डबी घेतली आणि कचऱ्याच्या बादलीत टाकली. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. बरं झालं.

एका नर्सने मला विचारलं, अक्का, रोज इथे बसताच आहात तर तुमची तपासणी झाली आहे का? मी म्हटलं, बायी झाली. ती म्हणाली, आता बाईची पण करून घ्या. तिला आमच्या गावचा विनोद ठाऊक नव्हता, पण मला भर दवाखान्यात हसू फुटलं. स्तनांमध्ये गाठ आहे का ते डॉक्टरबाईंनी हाताने तपासलं. मग पॅप टेस्ट केली, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाशी एक मऊ ब्रश फिरवून पेशी घेतात. लाज वाटली, थोडं अवघडलं, मेले नाही. काही निघालं नाही. पुन्हा कधी यायचं ते त्यांनी सांगितलं आहे आणि मी जाणार आहे.

ऑपरेशन दिवसभर चाललं. डावी अर्धी जीभ काढली. मानेतल्या गाठी काढल्या, त्याला नेक डिसेक्शन म्हणतात. मनगटाजवळची कातडी घेऊन जिभेच्या जागी बसवली. नाकातून पोटात नळी, ती रायल्स ट्यूब. ज्या हाताच्या चवीला यांनी गावभर नावं ठेवली, त्या हाताने मी पातळ पेज नळीतून ओतत होते आणि चवीचा प्रश्नच उरला नव्हता. ओतताना मी बोलत असे. सगळं बोलले. सदरा, पोतं, नारळ, खिशातलं खोबरं. एरवी अध्येमध्ये तोंड घालणारा माणूस, आता मुकाट ऐकत होता. डोळ्यांतून पाणी यायचं. मी ते पुसलं, पण बोलणं थांबवलं नाही.

मग रेडिएशन, म्हणजे किरणांचा शेक. रविवार सोडून रोज. तोंड आतून सोलवटून निघतं, थुंकी आटते, मान काळी पडते. दिवाळी तिथेच गेली. लातूरहून मुलगी फराळ घेऊन आली आणि बापाकडे बघून तिने डबा उघडलाच नाही.

बोलायला शिकवणाऱ्या मॅडम होत्या. त्यांनी समजावलं की प, ब, म ही अक्षरं ओठांची आहेत, ती येतील. त, द, र, ल, श यांना जीभ लागते, त्यांना वेळ लागेल, काही पुरती येणारही नाहीत. माझं नाव शारदा. त्यात ओठांचं एकही अक्षर नाही. यांच्या तोंडून ते "आआआ" असं यायचं आणि दोघांनाही ते सहन व्हायचं नाही. शेवटी ते मला "बाई" म्हणू लागले. हा शब्द तेवढा स्वच्छ येतो.

आता तुम्ही. हे वाचताना तुमच्या गालात काय आहे? काही नसेल तर चांगलं. असेल तर थुंका आणि आरशासमोर जा. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही, तोंडाला लागतो. गाल ओढून आतून पाहा, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा पाहा, जिभेखाली पाहा. पांढरं किंवा लाल काही दिसलं, फोड दोन आठवड्यांत भरला नाही, तिखट अचानक सोसेना, तीन बोटं उभी धरून तोंडात जाईनात, मानेत गाठ लागली, तर दुखायची वाट बघू नका. उष्णता म्हणणाऱ्याला हात जोडा आणि तोंडात बॅटरी घालून बघणाऱ्या डॉक्टरकडे जा. आणि काही दिसत नसलं तरी कॅम्प आला की दाखवा. मला काही होत नाही म्हणणारे सगळे मला त्या बाकांवर भेटलेले आहेत. बैल गेला आणि झोपा केला, अशी गत होऊन बसलेले. बायांनो, नवऱ्यानं "दाखवून आलो" म्हटलं तर नारळ फोडू नका. सोबत जा.

तंबाखू सोडणं अवघड आहे म्हणता? नळीने जेवणं त्याहून अवघड आहे.

त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही. आमचे मालक आज माझ्यासमोर बसून मऊ भात खातात, ते त्यांच्यामुळे. रोग परत आलेला नाही, पण ठरल्या दिवशी तपासायला जावंच लागतं. पाणी पिताना त्यांना अजून ठसका लागतो, जीव घाबरा होतो, म्हणून मी घरात कुठेही असले तरी एक कान त्यांच्याकडे असतो. माफ केलं का म्हणून मुलगी विचारते. सांभाळते आहे, एवढं पुरे नाही का?

परवा पुन्हा रिक्षा आली. तुरीचेच दिवस. मी कणीक मळत होते. भोंगा तेच ओरडला, बायी क्यान्सर, उचित तपासणे. आणि पारावरून माणिकचा आवाज आला. सवयच ती, मेली जात नाही. "चला रे, बाईचं आलं!"

कोणीतरी हसलं. मग एकदम मोठ्याने हाक आली, "बाई!"

मालकांचा आवाज. मला वाटलं ठसका लागला. कणकेच्या हातांनीच धावत बाहेर आले.

ठसका नव्हता. हे पारावर माणिकसमोर उभे होते. तोंड उघडलेलं, उघडेल तितकं. आत मनगटाची कातडी, तिच्यावर हाताचे दोन-चार केस अजून उगवतात. अख्खा पार बघत होता. त्यांनी तोंड मिटलं, माणिककडे बोट केलं आणि पुन्हा म्हणाले, "बायी." मग परत उघडलं. मला हाक मारलीच नव्हती. कन्नड बोलत होते.

माणिकच्या गालात तंबाखूची गोळी होती. त्याला ती थुंकताही येईना, गिळताही येईना.

"जातो की वैनी," तो मला म्हणाला. "दुकान बंद करून जातो. दाखवतो."

"व्हय का," मी म्हटलं. "धुतलेला सदरा घालून?"

त्याचा दंड धरला. त्याच्या बाहीला कणीक लागली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हे, असे आम्ही त्याला भर रस्त्यातून शाळेत नेलं. पारावरचे काहीजण मागून आले, काही तिथेच बसले. यावर्षीही डॉक्टर पोरगीच होती. ती बॅटरी घेऊन म्हणाली, "बायी तेगीरी."

माणिकने माझ्याकडे पाहिलं.

"उघडा, माणिकअण्णा," मी म्हटलं. "मी इथंच उभी हाय."

त्याने तोंड उघडलं.